उजवी मिशी

मंगळवारी अकराच्या सुमाराला मी चहावरची साय बोटाने बाजूला करत होतो, तेवढ्यात ती पोरगी एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन आली आणि म्हणाली, "काका, याचं पोट उघडायचंय. तुमची सही लागेल." साय माझ्या बोटाला चिकटली. बशीच्या कडेला पुसली तरी पूर्ण निघेना, आणि एवढ्याशा गोष्टीवरून मी कप तसाच पुढे सरकवून दिला. कुणाचं पोट, ते मी विचारलं नाही. ट्रेमध्ये शेजारी शेजारी दोन भुंगेरे होते, दोघांच्या पाठीतून पिना गेलेल्या, आणि त्यातल्या एकाच्या पिनेला लाल कडेची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर माझं आडनाव आहे. लॅटिन शेपटी लावलेलं, पण माझंच. एकतीस वर्षं ते तिथे आहे.

मी शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या नावाचा किडा आहे म्हटल्यावर लोक भलतंच समजतात. आलेला किडा मऊ करायचा, पाय-मिशा नीट मांडायच्या, पिनेवर टोचायचा, मोडलं असेल ते जोडायचं आणि खाली चिठ्ठी लावायची, एवढं माझं काम. बोटांना कायम लाखेचा डिंक लागलेला असे म्हणून सगळे मला डिंक्या म्हणत, संग्रहाचे तेव्हाचे प्रमुख, आमचे सर, तेसुद्धा. गेल्या वर्षी निवृत्त झालो, पण माझ्या जागी माणूस नेमायला कुणाला सवड झाली नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मीच येतो आणि संग्रहाचा प्रमुख म्हणून मीच सही करतो. संग्रह म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना लाकडी कपाटं, कपाटांत खण, खणांत मेलेले किडे आणि सगळ्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास. तो वास माझ्या स्वेटरात आहे, पाकिटात आहे, डोक्यावर उरलेत त्या चार केसांतही आहे. लोकांना वाटतं, वाळलेला किडा म्हणजे स्वच्छ गोष्ट. वाळलेला असतो तोवर असतो. पण त्याचे पाय हलवायचे तर त्याला ओल्या कापसाच्या डब्यात दोन दिवस ठेवावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की आठवडाभर न बदललेल्या फुलदाणीतल्या पाण्याचा वास येतो. किडा मऊ झालेला असतो, पिवळट पाणी सुटलेलं असतं, आणि तो बोटांत धरला की जिवंत असल्यासारखा वाकतो. पस्तीस वर्षं हे केलं. सवय होते म्हणतात. मला झाली नाही, फक्त तोंड वाकडं न करण्याची झाली.

"बसा ना, सांगते," असं मलाच माझ्या खोलीत सांगून ती स्टुलावर टेकली. चुणचुणीत पोरगी आहे, तीन वर्षांपासून या भुंगेऱ्यांवर प्रबंध करतेय. डब्यातून उकडलेलं अंडं काढून ते खात खातच ती बोलू लागली. हा डावीकडचा साधा, सगळीकडे सापडणारा. हा उजवीकडचा तुमच्या नावाचा, जगात एकच. रंग तोच, पाठीवरचे ठिपके तेच, लवसुद्धा तीच. साध्याचा नर अंगाने सडपातळ, मिशी अंगाच्या दीडपट. साध्याची मादी रुंद, मिशी अंगाएवढी. आणि तुमचा हा नर रुंद असूनही मिशी दीडपट. "असा रुंद नर मला एकही मिळाला नाही, काका. त्याच डोंगरात तीन वर्षं फिरतेय, सव्वादोनशे भुंगेरे गोळा केलेत. एकही नाही." म्हणून पोट उघडून आतले अवयव पाहायचे. ते वेगळे निघाले तर दोन प्रजाती, सारखे निघाले तर एकच, आणि मग नंतर दिलेलं नाव रद्द. नंतर दिलेलं नाव माझं. "पण वेगळेच निघतील बघा. माझं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे," असं म्हणून तिने अंड्याचा पिवळा भाग तोंडात टाकला, आणि त्याचा एक कण ओठाच्या कोपऱ्यात राहिला. मी त्या कणाकडे बघत राहिलो. मला तिचा राग आला नाही. तिच्या तोंडाचा, दातांचा, गिळण्याचा नुसता वीट आला, आणि मग त्या विटण्याचाच वीट आला, कारण पोरगी चांगली होती आणि मला ते माहीत होतं.

"ठेव. बघतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी भुंगेरा मायक्रोस्कोपखाली घेतला. खरं तर गरज नव्हती. काय दिसणार ते मला माहीत होतं. डावी मिशी तिसऱ्या पेरापाशी तुटलेली, ती येतानाच तशी होती. उजवी मिशी पूर्ण, सुंदर, मागे कमानीसारखी वळलेली. तिच्या मुळाशी, डोळ्याच्या खाचेत, मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा तपकिरी थेंब, आणि त्या थेंबात अडकलेला एक केस. मी ब्रश कापून कापून तीन केसांचा करत असे, दुसरं कुणी तसं करत नसे. तो माझ्या ब्रशाचा केस. इतकी वर्षं तो तिथे आहे आणि मी दर सहा महिन्यांनी हा खण उघडून डांबराच्या गोळ्या बदलत आलोय, पण भिंगाखाली कधी घेतलं नाही. आपल्याच ताटात सापडलेला केस कुणाचा ते बघायला माणूस जसा धजत नाही, तसंच ते.

तो केस तिथे अडकला त्या दिवशी सर परगावी होते. किडा डब्यात नीट मऊ झाला नव्हता, मला घाई होती, आणि चिमट्याने उजवी मिशी सरळ करताना ती मुळापासून तुटली. टेबलावर पडली, मी शोधायला वाकलो, तेवढ्यात माझाच बूट तिच्यावर पडला. सर तुटलेल्या किड्यावरून माणसाला नोकरीवरून काढत नसत, पण चारचौघांत बोलत, आणि त्यांचं बोलणं आठवडाभर अंगाला चिकटून राही. किडा तर साधाच होता, आमच्याकडे त्याचे शेकडो होते. मी दुसऱ्या एका नमुन्याची उजवी मिशी काढली, लाखेचा थेंब लावला, बसवली. नराची का मादीची ते पाहिलंही नाही. पेरांचा रंग जुळत होता, एवढं बघितलं. त्या नमुन्याबद्दल आत्ता नको. काम छान झालं होतं. मला आठवतंय, मी डोकं तिरकं करून स्वतःवर खूश झालो होतो.

दोन महिन्यांनी सरांनी हाक मारली. "डिंक्या, इकडे ये. हा कुठून आला?" सरांचा मोतीबिंदू तेव्हा पिकत आला होता, ऑपरेशनची त्यांना भीती होती आणि ती ते कुणाला कळू देत नव्हते. दहा वर्षांत त्यांच्या हातून एकही नवी प्रजाती लिहिली गेली नव्हती, आणि व्हरांड्यातली तरुण मंडळी त्यांच्या मागे त्यांची नक्कल करत, डोळे बारीक करून भिंतीला नमस्कार करत. मी पण हसलोय त्याला. सरांनी खण उन्हात ओढला होता आणि नाक जवळजवळ किड्याला टेकवलं होतं. "मला वाटतं ते खरं आहे का, सांग. मिशी मोज." मी मोजली. "किती?" मी म्हणालो, "दीडपट, सर." "आणि अंग रुंद?" "रुंद, सर." मग त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसावा तसा कोटाच्या अस्तरानं पुसला, आणि तो परत घालताना एक काडी कानामागे बसेचना. मी ती बसवून दिली. तेव्हा सांगता आलं असतं. सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण त्यांच्या तोंडावर असं काही होतं, लहान मुलाच्या तोंडावर असतं तसं, की मला किळस आली, म्हाताऱ्या माणसाने इतकं उघडं पडू नये असं वाटलं, आणि ते झाकायला म्हणून मी गप्प बसलो. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. "पोट उघडून बघू का रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "एकच आहे, सर. मोडलं तर?" "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी त्याला माझं नाव दिलं. "ज्याच्या डोळ्यांनी मी पाहिलं त्याला," असं त्यांनी लेखाच्या शेवटी लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि बाहेर जाऊन ओकलो. लोकांना वाटलं, आनंद सोसवला नाही.

मंगळवारी संध्याकाळी बसमधून घरी जाताना माझ्या शेजारी एक माणूस नखं कुरतडत होता. नखाचा तुकडा दातांत धरायचा, जिभेने फिरवायचा आणि हळूच खिडकीबाहेर उडवायचा. चार स्टॉप मी ते बघत होतो आणि उठत नव्हतो. मला वाटत होतं, हा निदान आपलीच नखं खातो. घरी चप्पल काढताना समोर तसबीर. चपलांच्या कपाटावर, दारातून शिरणाऱ्याला पहिली तीच दिसावी अशी, बायकोने टांगलेली. माझ्या भुंगेऱ्याचा मोठा केलेला फोटो, खाली नाव. लग्न ठरताना सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "किडे चिकटवता म्हणजे नक्की काय करता?" आणि माझं उत्तर ऐकून ते आतल्या खोलीत गेले ते चहा संपेपर्यंत बाहेर आले नव्हते. नाव लागल्यावर आलेलं वर्तमानपत्रातलं कात्रण मात्र त्यांच्या पाकिटात शेवटपर्यंत होतं, आणि ते गेल्यावर ते पाकीट आमच्याकडे आलं. बायकोला किड्यांचा मनापासून तिटकारा. झुरळ दिसलं तरी "शी" म्हणून खुर्चीवर चढणारी बाई. माझ्या शर्टाला "शी", माझ्या डब्याला "शी", डांबराच्या गोळ्यांच्या वासाला "शी". मला स्वतःला मात्र कधी म्हणाली नाही. आणि हीच बाई दर रविवारी त्या तसबिरीची काच ओल्या फडक्याने पुसते, मिशीच्या टोकापर्यंत, आणि पाहुण्यांना दारातच थांबवून सांगते, "हा यांच्या नावाचा." जावयाच्या घरच्यांना तर तिने दोनदा सांगितलं. मी प्रत्येक वेळी खाली बघतो आणि लोक त्याला विनय म्हणतात.

"आज काय नवीन?" तिने विचारलं.

"काही नाही. ती पोरगी सही मागतेय."

"द्या की मग."

तिच्या दृष्टीने सही म्हणजे सही. माझ्या दृष्टीने न देणं त्याहून सोपं होतं. कारण तयारच होतं, तेही इतकं सभ्य की त्यावर कुणी ब्र काढला नसता. जगात एकच मूळ नमुना आहे, त्याला हात लावू देणार नाही. वरिष्ठांनी मान डोलावली असती. पोरगीसुद्धा म्हणाली असती, काका किती जपतात. बुधवारी सकाळी मी लवकर गेलो, खोलीत कुणी नव्हतं, आणि मला आणखी एक उपाय सुचला, पहिल्यापेक्षाही सोपा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून मिशीच्या मुळाशी एकदा टेकवला की दोन मिनिटांत थेंब सुटतो, मिशी गळून पडते, केस पुसला जातो. जुन्या नमुन्यांच्या मिशा गळतातच, रोज गळतात. मग ना दीडपट ना एकपट, कुणीच कधी काही सांगू शकलं नसतं, आणि जे सांगता येत नाही ते तसंच पुढे चालू राहतं. मी ब्रश भरून घेतला. किड्यावर नेला. टोकाशी स्पिरिटचा थेंब लोंबत होता आणि माझा हात जराही हलत नव्हता. साठीला आलेल्या माणसाचा हात, चहाचा कप धरताना थरथरणारा, या कामाला मात्र दगडासारखा स्थिर. ते बघून मला स्वतःच्या हाताची शिसारी आली. मनगटावरचे केस, अंगठ्याच्या नखात बसलेला तपकिरी रंग, सगळ्याची. हा हात मला न विचारता इतकी वर्षं हेच करायला टपून बसला होता की काय, असं वाटलं. मी ब्रश बाटलीत टाकला आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

पोरगी दहाला आली. "काका, सही नाही दिलीत तरी मी समजून घेईन," ती म्हणाली, "एकमेव आहे, मला कळतं. मग मिशीवरूनच वेगळी धरते आणि पुढे जाते. फक्त एकदा तुमच्या हाताने मोजून द्या ना. माझी नजर या बाबतीत निर्मळ राहिलेली नाही. मला ती लांब हवीच आहे." आणि ती हसली. हसताना तिच्या तोंडावर तेच आलं, सरांच्या तोंडावर आलं होतं ते, सगळं उघडं, सगळं विश्वासाने पुढे केलेलं. तीन वर्षं डोंगर तुडवून, सव्वादोनशे किडे मोजून, ही माझ्या बुटाखाली चिरडलेल्या एका मिशीवर घर बांधायला निघाली होती, आणि विटा मी द्यायच्या होत्या. मी मोजपट्टी घेतली. डोळा भिंगाला लावला. अंग एकवीस मिलिमीटर. मिशी बत्तीस. "किती?" तिने विचारलं, पेन कागदावर टेकवून.

तोंडात तो शब्द आला, दीडपट. खरंच आला, पदार्थासारखा, मऊ आणि पिवळट आणि त्या फुलदाणीच्या पाण्याच्या वासाचा. मी उठलो, बेसिनपाशी गेलो आणि सकाळचा चहा, पाव, सगळं बाहेर पडलं. पोरगी मागे उभी राहून माझी पाठ चोळत होती आणि मला तिचा हात झटकून टाकावासा वाटत होता. तोंड धुतलं. आरशात बघितलं नाही. परत येऊन मी तो कागद ओढला आणि सही केली.

"पोट उघड," मी म्हणालो. "नाही, थांब. मीच उघडतो. तुझ्या हातून काही मोडलं तर तुला आयुष्यभर वाटत राहील."

किडा दोन दिवस ओल्या कापसाच्या डब्यात गेला. शुक्रवारी मी झाकण काढलं आणि तो ओळखीचा वास आला. पोरगीने नाक मुरडलं, मी नाही. तसं पाहिलं तर हे काम घाणेरडंच आहे. पोट मागून सैल करायचं, चिमट्याने अलगद ओढून वेगळं करायचं, कोमट कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडायचं, म्हणजे आतलं मांस विरघळतं आणि जे कठीण असतं ते उरतं. पण यावेळी पाण्यापर्यंत जावंच लागलं नाही. पोटाची कड उचलली आणि आत दिसली ती अंडी. तांदळाच्या कणीसारखी, एकाला एक लागून, पिवळी, सुकून जराशी आत बसलेली, पण एकूण एक जागच्या जागी. मी मोजली, सवयीने. एकोणीस. एकतीस वर्षं माझं नाव लावून नर म्हणून बसलेल्या या बाईच्या पोटात एकोणीस अंडी होती.

पोरगी भिंगातून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "मादी आहे." आणि थोड्या वेळाने, "मादीला एवढी मिशी?" आणि मग तिने भिंग मिशीच्या मुळाकडे नेलं. तिला थेंब दिसला असणार, केसही दिसला असणार. तिचं प्रकरण तिथल्या तिथे कोसळलं होतं, आणि मला अपेक्षा होती ती रडेल. ती नुसती म्हणाली, "साधीच आहे ही. एकच प्रजाती आहे."

"मिशी मी चिकटवली," मी म्हणालो. "माझ्या हातून तुटली होती. सरांची भीती वाटली."

"कुणाची मिशी?"

"जादा नमुन्यांतली. कुठलीतरी."

आमच्याकडे एक रीत आहे. पिनेवरची जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. ती चुकीची ठरली तरी काढायची नाही, खाली नवी लावायची, आणि नव्या चिठ्ठीवर ठरवणाऱ्याने आपलं नाव आणि तारीख घालायची. म्हणजे जो कुणी पुढे येईल त्याला आधी कोण काय समजत होतं आणि कोण कुठे चुकलं हे वरून खाली वाचता यावं. "चिठ्ठी तुम्ही लिहा, काका," ती म्हणाली. "अक्षर तुमचं बारीक आहे." मी लिहिलं: मादी. साधीच प्रजाती. उजवी मिशी नराची, दुसऱ्या नमुन्याची, मी चिकटवलेली. खाली माझं नाव, माझी तारीख. लाल कडेच्या चिठ्ठीवर माझं आडनाव, त्याखाली या चिठ्ठीवर परत माझं आडनाव. पोरगी ते वाचत होती आणि तिचे डोळे भरून आले. "असं स्वतःहून कोण लिहितं, काका," ती म्हणाली. "मी आभारांत लिहीन हे. सगळ्यांना सांगेन." आणि पुन्हा एकदा, थेट पोटातून, तीच जुनी मळमळ वर आली. पुन्हा कौतुक माझ्याच पदरात पडलं होतं, पुन्हा फुकटचं.

तरी संध्याकाळी घरी जाताना पाय हलके होते, हे नाकारत नाही. भूक लागली होती. बसमध्ये शेजारचा माणूस शेंगदाणे चघळत होता आणि मला काही वाटलं नाही. बायको जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो, दाराकडच्या तसबिरीकडे बोट केलं आणि म्हणालो, "ती मादी आहे." मग सगळं सांगितलं. तुटलेली मिशी, बूट, लाख, सर, दीडपट, अंडी, चिठ्ठी. नाव आता जाणार, हेही सांगितलं. ती ऐकताना मटार सोलत राहिली. मध्येच एकदा थांबली, तसबिरीकडे बघितलं आणि तिला हसू आलं.

"म्हणजे एवढी वर्षं मी मिशी लावलेल्या एका बाईला पुसत होते."

"हो."

"माझ्या बाबांच्या पाकिटातलं कात्रण मात्र तसंच राहू दे," ती म्हणाली. "त्यांना आता कुठे सांगायला जाणार." मग तिने शेंगेचं टोक मोडलं. "तुटलं तर तुटलं. माणसाच्या हातून होतं. सांगितलंत ना आता, मग झालं." मला इतकं बरं वाटलं की मी एक शेंग उचलून सोलायला घेतली. आणि तेव्हा, काहीतरी बोलायचं म्हणून विचारावं तसं, तिने विचारलं, "पण ज्याची मिशी काढलीत, त्याचं काय केलंत?"

पोरगीने विचारलं होतं कुणाची. सरांनी विचारलं होतं दुसरा आहे का. काय केलंत, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले, दोन उडून खाली गेले ते उचलले, आणि मग सांगितलं, कारण तिच्याशी खोटं बोलायला लागणारा थोडासुद्धा जोर माझ्यात उरला नव्हता. तो जादा नमुन्यांतला नव्हता. ते दोघे एकाच काडेपेटीतून आले होते. लाकडाच्या वखारीतल्या कुणा कारकुनाने पाठवले होते, आणि सोबत एका कागदावर लिहिलं होतं, एकाच खोडावर, जोडी, एकमेकांवर बसलेली. मिशी तुटली तेव्हा शेजारी तोच होता, त्याचीच काढली, आणि त्याला खणाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून दिला. तेव्हा त्यात काही पाप नव्हतं. पण दोन महिन्यांनी, सरांचा चष्मा कानामागे बसवून दिल्यावर, त्यांनी विचारलं होतं, "याच्याबरोबर आणखी काही आलं होतं का रे?" तो एका मिशीचा नर आणि तो कागद त्यांनी बघितला असता तर त्यांना सगळं कळलं असतं, त्या तसल्या डोळ्यांनीसुद्धा. मी म्हणालो, "नाही, सर." दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्याला पिनेवरून काढला, संडासात नेला आणि पाणी सोडलं. वाळलेला किडा बुडत नाही. तो गोल गोल फिरून परत वर आला, पाय वर करून, एक मिशी पसरून. तीनदा पाणी सोडलं. टाकी भरायची वाट बघत उभा राहिलो. चौथ्यांदा गेला. मग कागदावरचं गाव, तारीख आणि झाड मी माझ्या बारीक अक्षरात नव्या चिठ्ठीवर उतरवून घेतलं, जोडी हा शब्द वगळला, आणि कागदही त्याच वाटेने पाठवला. मग हात धुतले आणि जेवायला गेलो.

बायकोचे हात थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. त्या हातांनी सोललेले दाणे तिच्या वाडग्यात होते.

"शी," ती म्हणाली.

हळूच म्हणाली. झुरळाला म्हणायची तसं नाही. मग उठली, तसबीर खिळ्यावरून काढली, सवयीने पदराने काच पुसायला गेली आणि मध्येच हात थांबवला. तसबीर भिंतीकडे तोंड करून चपलांच्या कपाटावर उभी ठेवली आणि आत निघून गेली. खिळ्याखाली भिंतीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा राहिला होता. मी तसाच बसून होतो. मळमळत नव्हतं. कितीतरी वर्षांनी पोट अगदी शांत होतं, आणि आतून तिच्या हात धुण्याचा आवाज येत होता, बराच वेळ.

खिशात चिठ्ठ्यांचं पाकीट असतंच. मी एक कोरी चिठ्ठी काढली, पेनाचं टोक झटकलं आणि टेबलावरची टरफलं हाताने बाजूला सारली. संग्रहातल्या त्या पिनेवर अजून एका चिठ्ठीपुरती जागा होती.